सकाळी चालू होतं

— नाही गं, शिंगं बिंगं काही फुटत नाहीत. बस. त्या स्टुलावर बस, त्याचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकून बस म्हणजे डुगडुगणार नाही. डॉक्टरांनी पाठवलं ना तुला? वाटलंच. गायीची शीर म्हटलं की माणूस दचकतो, आणि दचकला की डॉक्टर त्याला माझ्याकडे धाडतात — जा, त्या खिडकीजवळच्या आजींचा हात बघून या. आजी म्हणजे मी. मी काही अजून कोणाची आजी झालेली नाही, पण दवाखान्यात केस पांढरे दिसले की विचारतो कोण. एकेरीत बोलले तर चालेल ना तुला? माझ्या मुलीच्या वयाची असशील. मानेतली डायलिसिसची नळी कधी बसवली — दोन महिने झाले? मग काढायलाच हवी बाई ती. मानेतली नळी म्हणजे पाहुणा, चार दिवस बरा. पुढे पू होतो, थंडी वाजून ताप भरतो, अंगावर पाणी घ्यायची चोरी. माझ्या तीन झाल्यात, दोन्ही बाजूंना. आता मानेत तिथे वाटच उरली नाही म्हणतात.

हं, तर गायीची. गायीचीच. पण गायीचं म्हणून जे काही असतं ते सगळं धुऊन काढतात, औषधात भिजवून ठेवतात, आपल्या अंगाला भांडायला कारण उरू नये म्हणून, आणि मग उरते ती नुसती नळी. बाटलीतून येते. मी ऑपरेशनच्या आधी मागून घेतली होती बघायला — हसले सगळे, म्हणाले तुम्हीच पहिल्या मागणाऱ्या — का? घरात खुर्ची आणायची तरी माणूस बसून बघतो, ही तर अंगात जाणार. पांढरट होती, भिजलेल्या सुतळीसारखी. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. आमच्या ह्यांनी मात्र घरी आल्यावर विचारलं, आता तुला चारा घालायचा की भाकड म्हणून सोडून द्यायचं — आणि स्वतःच इतके हसले की ठसका लागला. नंतर मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

का घेतली म्हणजे काय, दुसरं होतं काय माझ्याकडे? आपलीच शीर आपल्याच धमनीला जोडतात ते सगळ्यात चांगलं, ते तुलाही सांगितलं असेल. पण माझ्या शिरा मुळातच दोऱ्यासारख्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डाव्या मनगटाला केलं, ते आठवड्यात बंद. डाव्या कोपराला केलं, ते चाललं चांगली काही वर्षं, मग तेही गेलं. मग प्लास्टिकची नळी घातली, ती पिकली, हात एवढा झाला, काढावी लागली. मग ही, उजव्या दंडात. ही पिकत नाही सहसा. सुया जातात नीट. रक्त बंद व्हायला फार वेळ लागत नाही. तक्रार करावी असं काही नाही हिच्यात — तू हो म्हण, खरंच सांगते. फक्त जपावं लागतं. त्या हातावर झोपायचं नाही, त्या हाताने पिशवी उचलायची नाही, घट्ट बाहीचं काही घालायचं नाही, कोणी बी.पी. बघायला आलं की दुसरा हात पुढे करायचा. आणि रोज सकाळी उठल्याबरोबर हात ठेवून बघायचं, गुणगुण लागते का. धमनीतलं रक्त जोरात शिरेत शिरतं ना, त्याची थरथर लागते बोटांना, मांजर पोटाशी झोपल्यावर लागते तशी. गुणगुण आहे म्हणजे नळी चालू आहे. बघ ना. हातच्या काकणाला आरसा कशाला — लाव हात. इथे. व्रणाच्या वर. अगं दाबू नकोस, नुसता ठेव.

लागली?

जरा वर ठेव.

नाही ना लागत.

हो. माहीत आहे मला. — बस, बस खाली, उठू नकोस अशी. सिस्टर पलीकडच्या पडद्यात आहेत, त्यांच्या हातात कोणाच्या तरी सुया असतील, त्यांना आत्ता हाक मारायची नाही. येतीलच इकडे. बंद पडली आहे. आत गुठळी झाली की थांबते. त्यात एवढं काय, होतं असं, तुला घाबरवायला नाही सांगत. वेळेवर कळलं तर बारीक फुगा घालून गुठळी ओढून काढतात, वाट मोकळी होते, दुसऱ्या दिवशी परत गुणगुण. वेळेवर कळलं तर. आणि नाही कळलं तर गेली. आणि ही गेली तर — आता तुझ्यापासून काय लपवायचं — माझ्या जागा संपल्या. मान संपली, डावा हात संपला, उजवा हा. मग मांडीत नळी घालायची, तेवढीच राहिली, आणि तिचा काही भरवसा नाही. डॉक्टर स्पष्टच बोलले होते, आजी, ही जपा, हिच्यानंतर माझ्याकडे फारसं काही नाही. म्हटलं बरं.

कधी थांबली? हं. तोच तर प्रश्न आहे. सिस्टरही आल्या की तोच विचारणार.

तू खिडकीतून खाली बघ. मान वळव जरा, नळीला धक्का न लावता. ते अँब्युलन्सचं बॉनेट उघडलंय, दिसतंय? त्याच्याजवळ पांढऱ्या केसांचे, बिनबटणाचा बनियनसारखा शर्ट घातलेले — ते आमचे हे. गाडी लावायला म्हणून खाली थांबतात आणि अर्धा तास वर येत नाहीत. त्यांना इथे सगळे मिस्त्री म्हणतात, मीसुद्धा म्हणते कधीकधी. आयुष्य गॅरेजमध्ये गेलं. इंजिनावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, तिसरा सिलिंडर नीट मारत नाहीये, की पट्टा घासतोय. यंत्र लावून बघायच्या आधी लोक आमच्याकडे गाडी आणायचे, मिस्त्री, जरा हात ठेवा. हात ठेवायचे पैसे कधी घेतले नाहीत, त्यावरून मी पुष्कळ बोलले आहे. तर माझा हा हात असा झाला तेव्हा घरात ठरवायची वेळच आली नाही की रोज कोण बघणार. हेच बघणार. पहिल्या दिवशी दवाखान्यात हात ठेवला आणि म्हणाले, झकास, हलकं चालतंय. सिस्टर म्हणाल्या, मिस्त्री, आमच्या मशीनला पण हात लावून जा.

सकाळी मला जाग यायच्या आधी हात येऊन बसायचा इथे. किती वेळ ठेवायचे. मग सांगायचे — आज जड चालतंय गं, काल पाणी कमी प्यायलीस — नाहीतर, आज एकदम फर्स्ट क्लास. एकदा म्हणाले, मला नाही बरोबर वाटत, दवाखान्यात चल. इथे सगळं तपासून झालं आणि शेवटी आत एक जागा अरुंद झालेली निघालीच. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. महिनाभर तीच थाप सगळ्यांना सांगत होते.

हल्ली तसं काही सांगत नाहीत. हात ठेवायचा, चालू आहे, आणि उठायचं. सवय झाली की असंच होतं, नाही का? एवढ्या वर्षांनी कोण रोज नवं सांगणार.

साखर आम्हा दोघांनाही आहे. माझ्या मूत्रपिंडात गेली आणि ह्यांच्या बोटांत. निम्मं निम्मं वाटून घेतलं. — बोटांत म्हणजे बधिर झालीत गं. मला कसं कळलं? कसं म्हणजे, बायकोला कळतं. आधी शर्टाची बटणं सुटली, म्हणजे हातातून सुटायला लागली, मग म्हणाले, मला हे बिनबटणाचेच आवडतात आता. साठ वर्षं इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. मग बारीक स्क्रू खाली पडायला लागले, तेव्हा म्हणाले, हल्लीचे स्क्रूच नीट येत नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं. मग एकदा गरम सायलेन्सरला दोन बोटं टेकली आणि टेकलेलीच राहिली, घरी जेवायला बसले तेव्हा मी बघितलं कातडी गेलेली. म्हटलं, अहो, हे काय? म्हणाले, कुठे काय? आणि बघत बसले बोटांकडे, दुसऱ्याची असावीत तसे. मग म्हणाले, अरे हो, लागलं होतं मघाशी. मी मलम लावलं. पुढे काही बोलले नाही.

नाही, त्यांना नाही कळलेलं. म्हणजे बोटं जरा जड झालीत एवढं कळत असेल, पण हात गेला हे नाही कळलेलं. कळलं तर माणूस बसेल गं माझा. घरात एक बसलेली आहे तेवढी पुरे. मुलगी लांब, तिचा फोन आला की ती पहिलं हेच विचारते, बाबांनी हात ठेवला का? हे म्हणतात, ठेवला, चालू आहे. मग ती पुढचं बोलते.

तर ऐक आता, आणि मध्ये तोंड असं करू नकोस. शनिवारी मशीनवर माझं बी.पी. खाली गेलं. घरी जाऊन मी जी पडले ती पडलेच. रविवारी सकाळी जाग आली, मीच हात ठेवला — गप्प. वर ठेवला, खाली ठेवला. गप्प. तेवढ्यात हे आले, कडेला बसले, हात ठेवला आणि म्हणाले, चालू आहे. आणि चहा टाकायला गेले.

मी काय म्हणायला हवं होतं? अहो, बंद आहे म्हणायला हवं होतं. माहीत आहे. तोंड उघडलंसुद्धा. पण हे तिकडून विचारत होते, साखर न घालता देऊ की अगदीच न घालता देऊ, हा त्यांचा रोजचा विनोद — आणि मला वाटलं, चहा होऊ दे. मग चहा झाला. मग म्हटलं रविवार आहे, डॉक्टर कुठे असणार — खोटं आहे ते, असतात, एक तरी असतोच, नंबर भिंतीवर लावलेला आहे घरी. मग सोमवारी सकाळी परत हात ठेवला ह्यांनी, चालू आहे. आज सकाळी परत, चालू आहे. आता तू सांग, तीन दिवस चालू आहे म्हटल्यावर चौथ्या वाक्याला मी कुठून सुरुवात करू? मी बंद आहे म्हटलं म्हणजे नुसती नळी बंद झाली असं नाही होत ना. रविवारचं निघणार, सोमवारचं निघणार, आणि हे घरभर फिरत राहणार, मी हात ठेवला होता, मी हात ठेवला होता. आणि उद्या माझं काही झालं तर उरलेलं आयुष्य त्या हाताकडे बघत काढणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा.

आणि अजून एक — नाही, हे नको. — बरं, सांगते, तू काही माझ्या घरी येणार नाहीस. रविवारी मला भीती वाटली नाही. वाट बघितली मी भीतीची. झोपून राहिले, म्हटलं आता वाटेल, मग वाटेल. काही नाही. एवढी वर्षं हातात सतत काहीतरी चालू असतं, उशीखाली हात गेला की कानात येतं, मला वाटायचं सवय झाली. ते थांबल्यावर कळलं किती आवाज होता. दुपारी चांगली झोप लागली. कधी नव्हे ती. सोमवारी तर असंही मनात आलं की मंगळवारी जायचंच कशाला. बंद तर बंद. गप्प पडून राहावं, पाय सुजतील, दम लागेल, पुढे जे व्हायचं ते होईल. वाईटही वाटलं नाही. दुधाची पिशवी आणायची राहिली तर जेवढं वाटतं तेवढंसुद्धा नाही.

हे तुला सांगायचं नव्हतं. तू शीर कशी असते विचारायला आलीस आणि मी काय लावलंय.

मग आले कशाला? अगं, हे शर्ट बदलून उभे होते. गाडीची किल्ली हातात, माझी पांघरायची शाल घडी घालून दुसऱ्या हातात. पाय पुसून गाडीत बसवलं मला. सीटचा पट्टा लावायला चार वेळा बघावं लागलं त्यांना, मी खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणजे त्यांना वाटावं माझं लक्ष नाही. आता ह्याच्यावर मी काय म्हणू, की मी नाही येत?

बघ, बॉनेट बंद केलं. ड्रायव्हर हात जोडतोय. काय सांगितलं असेल कोण जाणे — हल्ली ते कानाने ओळखतात. मघाशी मान कशी तिरकी केली होती, बघितलीस? हात नुसता ठेवायचा म्हणून ठेवतात, लोकांना सवय आहे म्हणून. कान शाबूत आहे अजून. आता निघतील इकडे. जिना चढतील, लिफ्टने येत नाहीत, लिफ्टचा आवाज त्यांना बरोबर वाटत नाही.

तर तू एक कर. अवघड काही नाही. सिस्टर आल्या की म्हण, मी आजींच्या हातावर हात ठेवला तेव्हा गुणगुण होती आणि मग थांबली. बस. एवढंच. मी म्हणेन, अगंबाई. सिस्टर डॉक्टरांना बोलावतील. सकाळी चालू होतं, इथे येऊन बंद पडलं — इथे, दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत. ह्यांच्या हाताखाली नाही. तू नवीन आहेस, तुला कोण उलट विचारणार. मी एकटीने म्हटलं तर सिस्टर माझ्याकडे बघतील, त्या मला ओळखतात, माझं खोटं त्यांना लगेच कळतं, पाणी किती प्यायले तेसुद्धा तोंडावरून ओळखतात.

अशी का बघतेस?

अगं, माहीत आहे. किती वेळ झाला त्यावरच ठरवतात ते, ओढायची की नाही ते, कशी ओढायची ते. तीन तासांची गुठळी आणि तीन दिवसांची गुठळी एक नसते, माहीत आहे मला. जुनी असली की भिंतीला धरून बसते. ओढताना तुकडा सुटला आणि छातीत गेला तर — हो, माहीत आहे, मलाच शिकवतेस का? त्यांनी चुकीचं ऐकलं तर चुकीचं करतील, आणि जे व्हायचं ते मला होईल. मला झालं तर चालेल. हेच तर सांगतेय मघापासून. मला चालेल, त्यांना चालणार नाही, त्यांच्या हाताला नको एवढंच —

नाही गं, रागावले नाही. तू रडू नकोस. तुझ्या मानेतली नळी ओढली जाईल. तुझ्या घरी कोण बघणार तुझा हात? — नवरा? काय करतो? — बरं. त्याला शिकव. आणि तूही बघ. दोघांनी बघत जा, आणि बघितलं की बोला. बोलायचं ते तिथल्या तिथे बोललं तर बोलून होतं. नंतर —

अगं, बेल कशाला दाबलीस?

बरं. दाबलीस तर दाबलीस. आता जिन्यातही ऐकू गेली असेल, पळत येतील, गुडघे दुखतील रात्रभर. हात सोड माझा. सोड, नाही मी काही करत.

— काही नाही सिस्टर, बेल हिने दाबली. माझ्यासाठीच. हो, हाच हात, लावा स्टेथोस्कोप. लागणार नाही काही. अहो, तुम्ही कशाला धावत आलात, बसा तिथे, श्वास घ्या आधी. — हो सिस्टर, बंद आहे. कधीपासून म्हणजे —

अहो, जरा थांबा. मी सांगते.

सकाळी होतं असं ते म्हणतायत, ऐकलं मी सिस्टर. सकाळी नव्हतं. काल पण नव्हतं. रविवारी सकाळपासून बंद आहे, डॉक्टरांना रविवारच सांगा, आज म्हणून नका सांगू. मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही. ओरडायचं ते मला ओरडा. त्यांना नका विचारू, त्यांचा ह्यात काही —

अहो.

मी तुमच्या हाताबद्दल अजून एक अक्षर बोललेले नाही. मग हात खिशात का घातलेत?

— अच्छा.

कधीपासून माहीत आहे तुम्हाला?

तू जा गं आता. शिरेचं ठरलं का म्हणून डॉक्टर विचारतील बाहेर, तर हो म्हण. आणि जाताना तेवढा पडदा ओढून घे.